दिगंबरने मागे घेतलेला अर्ज

हरून हरून कोणी खुर्चीला घाम फोडलेला तुम्ही पाहिलाय का? दिगंबरने फोडला होता.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलबाहेर एका गोदामात तो माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी चालवायचा आणि रविवारी मराठी मंडळात भांडायचा. दर दोन वर्षांनी निवडणूक व्हायची, पण मत फक्त आजीव सभासदांना, आणि आजीव कोणाला करायचं ते अध्यक्ष जगन्नाथराव ठरवणार. मग निकाल काय लागणार? दिगंबर जुना आजीव सभासद म्हणून दोनदा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला, दोनदा आपटला. पण गंमत बघा. पहिल्यांदा हरला आणि मंडळाच्या कार्यक्रमांचं विद्यार्थ्यांसाठीचं तिकीट निम्मं झालं. दुसऱ्यांदा हरला आणि मुलांची मराठी शाळा सुरू झाली. दोन्ही मागण्या त्याच्याच पत्रकातल्या!

"काका, माझा रिसर्च हाच आहे," राज्यशास्त्रात पीएचडी करणारी यामिनी म्हणायची. "काही देशांत इलेक्शन होतं, पण सरकार बदलत नाही. अपोझिशन जिंकत नाही, नुसता धाक ठेवतं. त्या धाकाने पॉलिसी बदलते."

"म्हणजे मी विरोधी पक्ष?"

"अख्खा!"

२००५ला तो तिसऱ्यांदा उभा राहिला. मागणी एकच: यामिनीसारख्या वार्षिक वर्गणीवाल्यांनाही मत.

सभेच्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता. जगन्नाथरावांनी त्याला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. "दिगंबरराव, संक्रांत तोंडावर आलीय, कशाला कटुता? बिनविरोध होऊ द्या. तुम्ही उपाध्यक्ष व्हा. मताचं आपण आतून करू."

दिगंबरराव! इंजिनियरांच्या त्या गर्दीत फोर्कलिफ्टवाल्याला 'राव' कोणी म्हटलं नव्हतं. गडी तिथेच विरघळला. अर्ज मागे घेतला. टाळ्या पडल्या, तिळगूळ वाटला. यामिनीने मात्र हात खिशातून काढले नाहीत.

आतून काय झालं? मताचा विषय दर वेळी 'पुढच्या मीटिंगला'. पत्रक काढावं, तर खाली उपाध्यक्ष म्हणून त्याचंच नाव. पुढे शाळाही बंद पडली. ओरडणारा स्टेजवर बसलेला, मग अध्यक्षांना भीती कोणाची?

२००८ला यामिनी नोकरीसाठी दूर सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला निघाली. इतक्या वर्षांत एकदाही मत न देता. जाताना फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही हरत होतात तेव्हा आम्हाला काहीतरी मिळत होतं."

 मागे घेतलेला तो अर्ज अजून दिगंबरच्या कपाटात आहे.

तुमच्याही मंडळात दर वेळी हरणारा एखादा भांडकुदळ असेल. त्याला 'राव' म्हणून स्टेजवर बसवू नका. त्याच्या अर्जावर अनुमोदक म्हणून सही करा.