भुरीबाई कंडक्टरचा तिसरा भाग

इंझोरीच्या सुकेशनीनं दोन कॉमिक्स काढली आणि दोन्ही वेळा गावानं तिचं तोंड भरून कौतुक केलं. त्या कौतुकानंच तिचं वाटोळं केलं, हे सांगितलं तर गावात कोणाला पटणार नाही. उलट सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील.

मूळची ती भिंती रंगवणारी. शाळेच्या भिंतीवर फळं-पक्षी, ग्रामपंचायतीवर शौचालयाच्या घोषणा, दुकानांच्या पाट्या. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम गेलं. तेव्हा ही बया घरी बसून कागदावर चित्रं काढायला लागली आणि त्यातून निघाली भुरीबाई कंडक्टर. मानोऱ्याच्या गाडीवरची, बोलायला फटकळ, अस्सल वऱ्हाडी. गाडीत कोणाचं पाकीट गेलं की स्टँड यायच्या आत चोराची गचांडी धरणारी. अमरावतीच्या रीता मॅडमनी ते छापलं. पहिलं पुस्तक बरं खपलं. दुसरं काढताना मॅडम म्हणाल्या, "हे संपलं की लगेच तिसरं." तिसऱ्यात भुरीबाईची बदली होणार होती आणि ती कशी रद्द होते ते सुकेशनीच्या डोक्यात पक्कं होतं. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस पानं काढूनही झाली होती. पण दुसरं पुस्तक काही हलेना. दुकानदार गठ्ठे न सोडताच परत पाठवायला लागले.

का हलेना ते तिला कळलं शिरपूरच्या बसस्टँडवर. तिथल्या एका शाळेची भिंत रंगवून ती गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारी रामराव नावाचे एक रिटायर मास्तर मोबाइलात डोकं घालून खुदुखुदु हसत होते. तिनं सहज डोकावलं, तर आत भुरीबाई! तिनंच काढलेली, तिच्याच अक्षरातली.

"हे पुस्तक कुठून घेतलं गुरुजी?"

"घ्या कायले लागते बाई? सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यलं. नेटवर बी हाय, फुकट. लय भारी काढलं हाय पन कोनंतरी."

"मीच काढलं."

मास्तर उठूनच उभे राहिले. अरे बाप्पा म्हणाले, सोबत फोटो काढला, चहा पाजला. आणि वर काय म्हणावं या माणसानं? "तुमच्यापाशी नसंन तं तुमाले पाठवू काय? आन तिसरा भाग निंघाला की मले पाठवजा बरं, इसरू नका."

आता सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होईल? हातातला चहा त्याच्याच अंगावर ओतावा असं तिला वाटलं. पण माणूस मनापासून खूश होता. त्याला चोर म्हणायची सोय नव्हती. तिनं फाइल पाठवायला नंबर दिला, मुकाट्यानं गाडीत बसली आणि घरापर्यंत धुसफुसत आली.

फोनवर मॅडम तिच्याहून तापलेल्या. "अगं, माझ्या गोडाउनमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि लोक फुकट वाचतायत! नेटवरची एक जागा बंद केली की दुसऱ्या दिवशी दोन उघडतात. हे पहिल्यांदा कुणी टाकलं ते शोध. नाव मिळालं तर पोलिसात तक्रार करते. चार जणांना जरब बसली तरच तिसऱ्याचं धाडस करीन. नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही."

"सोडत नाही मॅडम त्याले," सुकेशनी म्हणाली. आणि ती खरंच पेटली होती. बोटं मोडून तिनं त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग मास्तरांनी पाठवलेली फाइल उघडून एकेक पान मोठं करून पाहू लागली.

फोटो होते मोबाइलवर काढलेले. प्रत्येक पान सरळ, कुठं सावली नाही. मेहनतीचं काम. नवव्या पानाच्या कडेला, पुस्तकाखाली अंथरलेलं कापड दिसलं. निळा तुकडा, त्यावर पांढरा उभा टाका. तो तिच्या पाचवीतल्या शाळेच्या झग्याचा तुकडा होता. मायनं घरच्या वाकळीला लावलेला.

बाप अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. राजपाल त्याचं नाव. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, माह्या पुस्तकाचे फोटो कोनं काढले?"

"मीनंच!" राजपालचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "दोन दिस लागले, मालूम हाय? सावली पडू नये म्हनून भर उन्हात बसलो. लखीरामकाका तिकडं ऊस तोडाले गेला, त्याले कुठी भेटते पुस्तक? मंग टाकलं नातेवाइकाईच्या ग्रुपवर. तिथून कोनाच्या तरी पोट्ट्यानं पुढं धाडलं म्हन्ते. आता पाय, पुऱ्या जिल्ह्यात नाव हाय तुयं."

"पन बाबा, ते इकाचं होतं."

"आपल्या मानसाईले इकू?" तो खरोखर दुखावला. "पोरगी पास झाली तं पेढे इकतो काय आपन? वाटतोच ना? लोक म्हनतीन, राजपालनं पोरीचं पुस्तक भाऊबंदाईले बी फुकट देल्लं नाही."

या घरात, या गावात आनंद झाला की वाटायचा, एवढंच त्या माणसाला ठाऊक होतं. विकायचं पुस्तक ही चीज या घरात सुकेशनीमुळंच आली होती. सुकेशनीला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि यातलं काहीच करता येत नाही याचा संताप वेगळाच.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमच.

"मिळालं का नाव?"

समोर राजपाल काड्यांवर गुडघा टेकून दोरी आवळत होता.

"नाही मॅडम. काहीच पत्ता लागत नाही."

"मग राहू दे, सुकेशनी. तिसरं आता नको."

"मॅडम होत्या काय?" बापानं विचारलं. "लवकर करा म्हना त्याईले. लखीरामचा फोन आल्ता, तिकडं पोट्टे वाट पाहून राह्यले."

ती घरात गेली. तिसऱ्या भागाची एकतीस पानं उचलली, बाहेर आणली आणि बापाच्या हातात दिली.

"घ्या. ऊन हाय तवर काढा फोटो."

राजपालनं धोतराला हात पुसले आणि कौतुकानं पानं उलटायला लागला. शेवटच्या पानाशी थांबला. भुरीबाईच्या हातात बदलीचा कागद होता, पुढं काहीच नव्हतं.

"आन बाकीची पानं?"

"बाकीची नाही काढनार."

"काहून वं?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.