मे महिन्यात नसलेल्या बाई

परवा कपाट आवरताना आमच्या शिक्षक संघटनेच्या जबलपूर शाखेची इतिवृत्ताची वही सापडली. जाडजूड वही, पण त्यातली लिहिलेली पानं फार तर पंधरा-वीस. शाखेचा सेक्रेटरी मीच, तेव्हा दोषही माझाच. खरं सांगू का, जे घडायचं ते लिहिण्यासारखं नसायचं आणि जे लिहायचो ते घडलेलं नसायचं. त्यामुळे वही कोरी राहिली आणि किस्से मात्र डोक्यात साचत गेले. आता कुणी चहाला आलं की मी सुरू होतो. बायको कपबशा उचलून आत जाते, कारण तिला सगळे पाठ आहेत. तुम्ही नवे आहात, तुम्ही ऐका.

ते दिवसच अस्वस्थ होते. चीनची लढाई होऊन गेली होती आणि पुढची कधी होईल याचा नेम नव्हता. आमची शाळा लष्करी मालाच्या कारखान्याच्या कॉलनीतली, कारखान्यानेच चालवलेली. पाळी बदलली की भोंगा व्हायचा आणि दर वेळी वाटायचं, हा पाळीचा की धोक्याचा? मी मुळातच उतावळा, एका जागी दोन मिनिटं न टिकणारा. गणित शिकवायचो, पण वर्गातल्या खुर्चीवर कधी बसल्याचं आठवत नाही.

शाखा काढायचं कारण एकच होतं, विमलताई देशकर. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. मूळच्या चांदूरकडच्या, नवरा दम्याने घरी बसलेला, दोन मुली, आणि गावातल्या सदर भागात भाड्याची एक खोली. दरवर्षी तीस एप्रिलला त्या वर्गात निकाल वाटत असायच्या, आणि त्याच वेळी शाळेचे देवतळे बाबू दारात येऊन त्यांच्या हातात कागद ठेवायचे: आजपासून आपली सेवा समाप्त. एक जुलैला तेच बाबू दुसरा कागद आणायचे: आजपासून आपण रुजू. सहा वर्षं हे चाललं होतं. मे-जूनचा पगार नाही हे तर झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे दर जुलैला बाई नव्या. मधे खंड पडला की आधीची नोकरी मोजत नसत. म्हणजे कायम होणं नाही, कॉलनीतलं क्वार्टर नाही, पेन्शन नाही.

मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही काहून काही म्हणत नाही?"

"काय म्हणू जी सर? म्हणायला गेली तर जुलैचा कागदच नाही येणार."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संघटनेच्या भोपाळच्या ऑफिसला मी चार पानी पत्र लिहिलं. दीड महिन्याने चार ओळींचं उत्तर आलं. आधी वीस सभासद करा, शाखा काढा, मग बघू.

*

वीस सभासद! आमच्या शाळेत शिक्षक बावीस, आणि त्यातले अठरा युनियन म्हटलं की खिडकीबाहेर बघायला लागायचे. दोन आठवडे मी फॉर्म खिशात घेऊन हिंडलो. मिळाले चार जण. त्यात मी एक, विमलताई दुसऱ्या.

आता शाळेतली एक पद्धत सांगतो. नोटीस निघाली की चपराशी नोटीस-बुक घेऊन वर्गावर्गात फिरायचा. शिक्षक एका हाताने फळ्यावर लिहीत असायचा आणि दुसऱ्या हाताने सही ठोकायचा. उद्या सुट्टी आहे की इन्स्पेक्शन, हे तो मधल्या सुट्टीत दुसऱ्याला विचारायचा. नोटीस वाचून सही करणारा मास्तर मी तरी बघितलेला नाही.

एका शनिवारी मी सभासदत्वाचा मजकूर नोटीस-बुकात चिकटवला आणि चपराशाला म्हटलं, "चलो भैया, घुमा दो."

तिसऱ्या तासापर्यंत बावीसच्या बावीस सह्या आल्या. वर तेविसावी. आमचे हेडमास्तर तिवारीजी प्रत्येक नोटिशीखाली सही करायचे, त्यांनी सवयीने हिच्याखालीही केली होती.

सोमवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. ते स्वतःच्या सहीवर बोट ठेवून बसले होते. मला वाटलं, आता माझीही सेवा समाप्त. पण ते हळूच म्हणाले, "कुळकर्णीजी, शाखा तो बन गई. अब मैं भी उसमें हूँ, तो माँग किससे करोगे?"

*

शाखा झाली. अध्यक्ष झाले खरे सर, इतिहासाचे, शाळेतले सगळ्यांत ज्येष्ठ. दर दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक ठरली, विषय पहिला विमलताईंचा.

आणि इथे आमच्या लक्षात एक भलतीच अडचण आली. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा. वर्षानुवर्षं चाळीस मिनिटांनी उठायची सवय अंगात भिनलेली. बैठक कुठेही आलेली असो, चाळीस मिनिटं झाली की पहिल्यांदा पी.टी.चे ठाकूर सर उठायचे, मग त्यांच्यामागोमाग सगळे. घंटा नाही, काही नाही. एकदा तर खरे सर स्वतःच बोलत होते. "आता आपण मुख्य मुद्द्याकडे," एवढं म्हणाले आणि वही उचलून निघाले. दाराशी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोलणारे आपणच होतो.

मी म्हटलं, मुख्य मुद्दा आधी घेऊ. मग पहिली चाळीस मिनिटं, मुख्य मुद्दा आधी घ्यावा की मागील इतिवृत्त आधी वाचावं, यावर गेली.

विमलताई कोपऱ्यात बसून मुलीचा फ्रॉक शिवत होत्या. घरी जाताना मला म्हणाल्या, "सर, फ्रॉक झाला पण. अशा दोन बैठका अजून घ्या, धाकटीचाही होऊन जाते."

*

भोपाळहून एक पदाधिकारी शाखा बघायला आले. पांढरे कपडे, डोळ्यांवर गॉगल. उतरल्या उतरल्या म्हणाले, "पहले भेड़ाघाट."

आम्ही पाच जण त्यांना घेऊन गेलो. म्हटलं, वाटेत विषय काढू. वाटेत त्यांना झोप लागली. नावेत बसल्यावर काढू म्हटलं, तर नावाड्याने संगमरवराच्या प्रत्येक सुळक्याला एक गोष्ट लावली होती आणि तो श्वास घेईना. शेवटी धुवांधार धबधब्याच्या कठड्याशी मी त्यांना गाठलं. आता नाही तर कधी नाही, असं वाटून मी जिवाच्या आकांताने सगळं सांगितलं: तीस एप्रिल, एक जुलै, सहा वर्षं, दोन मुली. सांगता सांगता मी डोळे पुसले.

त्यांनी गॉगल काढला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी. माझा हात दाबत ते ओरडले, "अद्भुत! ऐसा तो मैंने कहीं नहीं देखा!"

डोळ्यांतलं पाणी धबधब्याच्या तुषारांचं होतं. महिन्याभराने त्यांचा अहवाल आला. जबलपूर शाखेचं काम समाधानकारक, परिसर रमणीय.

*

मग मीच हट्ट धरला की भोपाळ गेलं खड्ड्यात, आपण थेट साहेबांना भेटू. कारखान्याचे एक मोठे अधिकारी शाळेचा कारभार बघायचे. पंजाबकडचे, कडक, पण सरळ माणूस. पाच जणांचं शिष्टमंडळ ठरलं. रात्रंदिवस मी निवेदन घोटलं.

साहेब घाईत होते. कारखान्यात माल बाहेर काढायची धावपळ चालली होती, टेबलावर तीन फोन आणि तिन्ही वाजत होते. ते म्हणाले, "दो मिनट हैं. एक-एक करके बोलिए."

एक-एक करके म्हटल्यावर आमच्यातला मास्तर जागा झाला. प्रत्येकाने स्वतःच्या विषयाचं मांडलं. ठाकूर सरांनी व्हॉलीबॉलची जाळी मागितली. दुसऱ्याने नकाशे मागितले, तिसऱ्याने प्रयोगशाळेला नळ. खरे सरांनी शाळेचा इतिहास सांगायला घेतला. माझी पाळी येईपर्यंत साहेब टोपी घालून उभे होते. माझ्या हातातलं निवेदन त्यांनी घेतलं आणि न बघता फायलीत सरकवलं. "नेट मिल जाएगा," एवढं बोलून ते गेले.

चौथ्या दिवशी जाळी आली. ठाकूर सरांनी ती मैदानात बांधली, वर शाखेच्या विजयाचे पेढे वाटले. विमलताईंनी एक पेढा घेतला, जाळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, जाळी तरी कायम झाली."

सगळे हसले. मला हसू येईना. त्या वर्षीही तीस एप्रिलला बाबू दारात आलेच.

*

मग सप्टेंबरात पाकिस्तानची लढाई पेटली. कारखान्यामुळे आमच्या कॉलनीत भीती जास्त. खिडक्यांना काळे कागद लागले, रोज नवी अफवा. शाळेच्या मैदानात खंदक खणले. धोक्याचा भोंगा झाला की मुलांनी रांगेने खंदकात उतरायचं, दोन मिनिटांत.

पहिल्या सरावाला साहेब स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. भोंगा झाला. बाकीचे वर्ग भराभर उतरले. खरे सरांचा सहावीचा वर्ग मात्र खंदकाच्या तोंडाशी उभाच. बघतो तर खरे सर हजेरी घेत होते.

"रोल नंबर एक."

"उपस्थित, सर."

"उतर. रोल नंबर दोन."

भोंगा डोक्यावर कोकलतोय आणि सर शांतपणे एकेका नावापुढे खूण करताहेत. रोल नंबर एकोणीस गैरहजर निघाला. सरांनी विचारलं, "त्याने अर्ज पाठवला आहे का?" तिसाव्या नंबरावर आले तेव्हा सगळं ठीक असल्याचा भोंगा झाला.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. मग ते खरे सरांच्या हजेरीपटाकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात शाखेने ठराव केला की लढाई आहे तोवर सर्व मागण्या बाजूला. ठराव मीच लिहिला. देश अडचणीत असताना एका बाईची मे-जूनची नोकरी काय घेऊन बसायचं, असं सगळ्यांचंच म्हणणं. हात वर करा म्हटल्यावर विमलताईंनीही हात वर केला. तो हात मी मोजला आणि मला स्वतःची लाज वाटली. अजूनही वाटते.

*

लढाई थांबली, कारखान्याच्या पाळ्या थांबल्या नाहीत. एप्रिल संपला, विमलताईंच्या हातात आठवा कागद पडला आणि आम्ही सगळे कायमवाले उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या गावी पांगलो. मी अमरावतीला आंबे खात होतो. त्यामुळे पुढचं मला देवतळे बाबूंनी सांगितलं ते असं.

रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपणार, आणि एप्रिलात परीक्षा संपल्यापासून पोरं मोकळी. कॉलनीतली शे-दोनशे पोरं सकाळपासून खिडक्यांखाली गोंधळ घालायची. झोप न झालेला माणूस मशीनवर पेंगायला लागला. दोघांची बोटं जाता जाता वाचली. एक मेच्या सकाळीच साहेबांनी हुकूम सोडला, पोरांना सकाळी शाळेत बसवा. पण बसवणार कोण? मास्तर सगळे आदल्या रात्रीच बाहेरगावी गेलेले. गावात होत्या एकट्या विमलताई, कारण त्यांना कुठे जायलाच जमत नसे.

साहेबांनी बोलावणं धाडलं. बाई आल्या. म्हणाल्या, "साहब, मैं तो नौकरी में हूँ ही नहीं."

"देश का काम है, मैडम."

"देश के लिए आऊँगी. पगार मत दीजिए. बस हाजिरी का रजिस्टर खोल दीजिए, मैं रोज दस्तखत करूँगी."

ऑफिसच्या कामासाठी मागे राहिलेल्या तिवारीजींनी सांगून पाहिलं की सुट्टीत रजिस्टर उघडत नाहीत. साहेब वैतागून म्हणाले, "रजिस्टर ही तो है. खोलो."

दोन महिने त्या एकट्या बाईने दीडशे पोरं सांभाळली. वरच्या पोरांना खालच्यांना शिकवायला लावलं. गलका म्हणून ऐकू येईना. कामगार झोपायला लागले.

एक जुलैला शाळा उघडली. प्रार्थना झाली, आम्ही सगळे स्टाफरूममध्ये जमलो होतो आणि साहेबही आले होते. देवतळे बाबूंनी रिवाजाप्रमाणे कागद पुढे केला. "ताई, रुजूपत्र. इथं सही."

विमलताईंनी कागद घेतला नाही.

"बाबूजी, रुजू व्हायला आधी जावं लागते ना? मी गेली कुठं होती?"

नाही म्हटल्यावर काय होतं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. घरी दोन मुली होत्या आणि आजपासून हा कागदही नसला तर हाती काहीच उरत नव्हतं. मी, शाखेचा सेक्रेटरी, तोंड उघडून उभा होतो.

साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी बाबूंना विचारलं, "क्या कह रही हैं?"

बाबूंनी सांगितलं. साहेबांनी रजिस्टर मागवलं. उभ्या उभ्या मे महिन्याचं पान उघडलं, बोट ठेवून एकेक सही बघत खाली गेले. मग जूनचं पान. एकही दिवस रिकामा नव्हता.

रजिस्टर तसंच उघडं धरून ते तिवारीजींकडे वळले.

"बताइए, हेडमास्टर साहब. कहाँ गई थीं ये?"