मतदानाच्या दिवशीची साडेतीनची खेप

"साहेब, टँकर कुठंय? घरात थेंब न्हाई. सकाळधरनं विहिरीवर बसलोत आमी."

फोनवर खडकमाळच्या सुमनबाई होत्या. मतदानाचा दिवस, सकाळचे अकरा वाजलेले. मी तेव्हा पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचा शाखा अभियंता होतो. कुठल्या गावाला कुठला टँकर किती वाजता जाईल, याचं वेळापत्रक माझ्या सहीनं निघायचं. म्हणून मला निवडणुकीची ड्युटी नव्हती. सुमनबाई गावच्या पाणी समितीवर होत्या. टँकर आला की लॉगबुकवर, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या वहीवर, त्यांची सही लागायची. त्याशिवाय खेप झाली असं धरत नसत.

"आठला यायला पाहिजे होता की," मी म्हणालो.

"तेच तर इचारायलेय. कावून आला न्हाई?"

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. दिवाळीच्या आधीच टँकर सुरू झाले होते. खडकमाळला दिवसाआड एक खेप. म्हणजे त्या दिवशी गावातल्या रांजणांची बुडं कोरडी होती. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि बायांनी पोहऱ्यानं शेंदायचं, अशी पद्धत. अर्ध्या तासात विहिरीत गाळ उरतो. जी बाई जागेवरून हलली ती गाळ घेऊन घरी जाते. म्हणून टँकर येईपर्यंत एकही बाई विहिरीचा काठ सोडत नाही. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालातरी माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

गाडीला किक मारली आणि टँकर भरतात त्या तलावावर गेलो. टँकर काठोकाठ भरलेला. झाकणातून पाणी ठिबकत होतं. ड्रायव्हर गफूरभाई खाली सावलीला आडवा.

"गफूरभाई, अहो गाव वाळून चाललंय आणि तुम्ही झोपा काढताय?"

"मै क्या करू साब? कागदावर साडेतीन लिवलंय." त्यानं खिशातून वेळापत्रक काढलं. "बघा, तुमचीच सही हाय."

सही माझीच होती. खडकमाळ, दुपारी साडेतीन.

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी स्वतःवरच. आदल्या दिवशी संध्याकाळी बीडीओसाहेबांच्या, म्हणजे आमच्या गटविकास अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये मला बोलावलं होतं. तिथं साखर कारखान्याच्या चेअरमनचा पीए चहा पीत बसला होता. साहेब म्हणाले, "निवडणुकीमुळं वेळा थोड्या पुढंमागं केल्यात, सही करा." मी उभ्याउभ्या सही केली. सतरा वर्षांच्या नोकरीत लोकांना सांगत आलो, बाबांनो वाचून सही करा. आणि मी गाढव, डोळे झाकून ठोकली.

आता ही निवडणूक कशी होती ते सांगतो. जुन्या आमदारांनी वय झालं म्हणून उभं राहायला नकार दिला होता. जागा मोकळी झाली. एका बाजूला साखर कारखान्याचे चेअरमन, दुसऱ्या बाजूला एक वकील. दोघंही पहिल्यांदाच उभे. शंभर-दोनशे मतांचा खेळ आहे असं पानटपरीवरचा माणूसही सांगत होता. खडकमाळचे गडी कारखान्याचे सभासद. त्यांचा ऊस वाळला होता, सभासदपणा वाळला नव्हता. ते चेअरमनच्या बाजूनं. बाया वकिलाच्या बाजूनं, कारण उन्हाळ्यात तहसीलवर त्यांनी हंडा मोर्चा काढला तेव्हा तोच एकटा त्यांच्यासोबत उन्हात बसला होता. मतदान पाचला संपणार. साडेतीनला टँकर निघाला की सव्वाचारला गावात. गड्यांनी सकाळी निवांत मत टाकायचं आणि बायांनी पाच वाजेपर्यंत विहिरीवर झोंबायचं! ना दमदाटी, ना बोगस मतदान. नुसती एक वेळ बदलली. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याचं वाटोळं होवो, असं मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

"चला, काढा गाडी," मी गफूरभाईला म्हणालो.

"चाबी न्हाई साब. मुकादम घेऊन गेला. साडेतीनला आणतो म्हनला."

टँकर कारखान्याचाच होता, टंचाईसाठी लावलेला. मुकादम चेअरमनचा. मी बीडीओसाहेबांना फोन लावला.

"साहेब, खडकमाळची खेप आत्ता सोडतो. चावी द्यायला सांगा."

"वेळापत्रकात बदल करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"साहेब, कालच तर बदल केलाय तुम्ही!"

"काल केला. आज आचारसंहिता बघावी लागते. आणि सही तुमची आहे, माझी नाही." फोन बंद.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी निवडणुकीच्या झोनल ऑफिसरला गाठलं. दहा-बारा केंद्रांवर लक्ष ठेवणारा अधिकारी. तो म्हणाला, "मतदान शांततेत चालू आहे. पाणी आमच्याकडं येत नाही." शांततेत चालणारच, अर्धं गाव विहिरीवर अडकवून ठेवलेलं!

मुकादम आला बरोब्बर साडेतीनला. हसत आला. "साहेब, लई ऊन हाय, कशाला आलात तुमी?" त्याच्या हातातून चावी ओढून घेतली आणि मी स्वतः केबिनमध्ये चढलो. रस्ताभर गफूरभाईला शिव्या घातल्या. त्याचा काही दोष नव्हता.

खडकमाळला पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. शाळेतल्या मतदान केंद्रावर शुकशुकाट. विहिरीवर दीडशे बाया, दोर, पोहरे, घागरी. टँकर दिसताच सगळ्या उठल्या. गफूरभाईनं सवयीनं गाडी विहिरीकडं वळवली.

"थांबा," मी ओरडलो. "विहिरीत सोडायचं नाही."

टँकर विहिरीतच रिकामा करायचा, थेट वाटायचा नाही, भांडणं होतात, असा नियम आहे. मीच तो गावोगाव सांगत फिरायचो. त्या दिवशी मीच मोडला. टँकर झाडाखाली उभा केला आणि मागच्या कॉकसमोर उभा राहिलो.

"सुमनबाई, घागरी ओळीनं लावा. जिची घागर जिथं, तिचा नंबर तिथं. घागर ठेवा आणि शाळेत जाऊन मत टाकून या. परत आल्यावर नंबरानं पाणी. तोवर मी इथनं हलत नाही."

कुणी हलेना. एक म्हातारी म्हणाली, "मत काय पेता येतंय व्हय?" खरं होतं.

सुमनबाई पुढं आल्या. "अन् आमी तिकडं गेलो अन् तुमाला वरून फोन आला तर? काल बी तुमचीच सही व्हती म्हनं."

बातमी माझ्या आधी पोचली होती. मान खाली घातली मी. मग चावी त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्याजवळ राहू द्या. टँकर कुठं जात नाही आता."

त्यांनी चावी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि कमरेला खोचली. "चला गं," म्हणाल्या. "घागरी ठिवा."

पाच-सात मिनिटांत ओळ लागली. पितळेच्या, स्टीलच्या, प्लास्टिकच्या घागरी, एक तर तेलाचा डबा. बाया शाळेकडं निघाल्या. चेअरमनचा पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रात बसणारा पक्षाचा माणूस, धावत बाहेर आला.

"साहेब, पान्याचं आमिष दाखवून मतं टाकायला लावायलेत तुमी! कंप्लेंट करतो."

"कर," मी म्हणालो. "कागदावर कर. मी वाचून सही करतो."

पाच वाजले तेव्हा शंभरावर बाया रांगेत होत्या. नियम असा आहे की पाचला जे रांगेत उभे आहेत त्यांचं मत घ्यावंच लागतं. केंद्राध्यक्ष एक शिक्षक होते, सरळ माणूस. रांगेच्या शेवटापासून त्यांनी प्रत्येकीला सही केलेली चिठ्ठी दिली, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. एजंट बोंबलत राहिला. शिक्षक म्हणाले, "बसा खाली, नाहीतर पोलीस बोलावतो."

एकेक बाई शाई लावून येत होती आणि आपल्या घागरीमागं उभी राहत होती. शेवटच्या सुमनबाई. त्यांनी चावी गफूरभाईला दिली आणि लॉगबुकवर सही करायच्या आधी वरपासून खालपर्यंत वाचलं. बोट ठेवून, सावकाश. मग मला म्हणाल्या, "वाचून घेतलेलं बरं."

पाणी वाटलं. एकही भांडण झालं नाही.

वकील निवडून आला. शंभर मतांचासुद्धा फरक नाही. त्या बायांनी कुणाला मत दिलं ते मी कधी विचारलं नाही, विचारायचंही नसतं. मला कारणे दाखवा नोटीस आली: टँकर विहिरीत रिकामा न करणे, आणि पाण्याचे आमिष दाखवून मतदारांना प्रवृत्त करणे. वेळ कुणी बदलली, चावी कुणी नेली, याचा त्यात एक शब्द नाही.

महिन्याभरानं बीडीओसाहेबांनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. तीच खुर्ची, तोच चहा, फक्त पीए नवीन आमदाराचा. तलवाड्याकडच्या एका गावानं चेअरमनला भरभरून मतं दिली होती. साहेब म्हणाले, "वेळा थोड्या पुढंमागं केल्यात, सही करा."

मी कागद वाचला. त्या गावासमोर सकाळी आठच्या जागी लिहिलं होतं, सायंकाळी साडेपाच. उन्हात बायांसोबत बसलेला वकील तो हाच! मी साडेपाच खोडून सकाळी आठ लिहिलं, शेजारी सही केली, आणि कागद साहेबांच्या चहाच्या कपाखाली ठेवला.

आठव्या दिवशी माझी बदली झाली.

तेव्हा नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. सही करायच्या आधी कागद वाचत जा. आणि वाचायची सवय लागली की घरी एक बॅग भरून ठेवत जा.