वाण नसलेली कॅसेट

मंगळवारी सकाळी माझा धाकटा भाऊ गेला. त्याला कावीळ झाली होती. बुधवारी वर्तमानपत्रात तो गायक झाला.

गायक तो आधीही होता. आर्णीत आमचं घर. मी वाचनालयात काम करायची आणि तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. दुसऱ्यांची गाणी वाजवून कंटाळला, तेव्हा त्यानं स्वतःच आठ गाणी लिहिली, चाली लावल्या आणि नागपूरला जाऊन कॅसेट काढली. एक गाणं पुस्तक नेऊन न वाचता परत करणाऱ्या मुलीचं, एक चढावर बंद पडणाऱ्या मोपेडचं, एक भारनियमनाचं. ड्रम इतके जोरात की आई पहिल्यांदा ऐकताना म्हणाली, "बाबू, मांगं कोनी भांडून राह्यलं का?"

कव्हरवर तो गॉगल लावून एसटीला टेकून उभा होता. गॉगल उसना होता, एसटी महामंडळाची.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापूस पिकत नव्हता, पिकला तर विकत नव्हता. बियाण्याची गाणी मात्र भरघोस येत. कंपन्यांच्या जीपगाड्या भोंगे लावून गावोगाव फिरत. आधी ठेक्यातलं गाणं, त्यात हिरवं रान, हसरी कारभारीण, आणि गाणं संपलं की एक जाड आवाज वाणाचं नाव सांगे. लोकांचे कान तसेच तयार झाले होते.

भावानं ऑर्केस्ट्राची जीप घेतली, वर भोंगा बांधला आणि कॅसेट विकायला घाटंजीच्या बाजारात नेली. मी खोक्यांपाशी बसले. मुलीचं गाणं लागलं. माणसं जमली, शांतपणे उभी राहिली. भाऊ मला डोळ्यांनी खुणावत होता, बघ, ऐकतायत. गाणं संपलं तरी कोणी हललं नाही. मग एक म्हातारबुवा पुढे आले.

"वाण कोनतं हाय, भाऊ?"

"वाण नाही जी, काका. गाणं हाय."

"गाणं त आयकलं. आता वाण सांग."

"नुसतंच गाणं हाय."

"नुसतं गाणं घेऊन कोनी घाटंजीले येते का, बापा? नसन सांगाचं त नको सांगू. बोंडअळी लागते का, तेवढं सांग."

भाऊ टेकीला आला होता. "नाही लागत," म्हणाला.

हे मात्र खरं होतं. त्या वर्षी जिल्ह्यात बोंडअळी न लागलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"टोप्या कायले नाही देत?" मागून कोणीतरी विचारलं. "मांगच्या गाडीनं देल्ल्या."

तरी थोड्या कॅसेटी गेल्या. घेणाऱ्यांना काय वाटलं होतं ते विचारायचं धाडस आम्ही केलं नाही. परतताना भाऊ म्हणाला, "ताई, एका मानसानं तरी गाणं म्हनून शेवटपर्यंत आयकावं ना. एकच."

"मी ऐकलं ना."

"तू घरची."

मग रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं. शहरातल्या समीक्षकानं लिहिलं होतं की जिल्हा होरपळत असताना हा तरुण वाचनालयातल्या मुलीवर गातो. आठ गाण्यांत एकदाही कापूस नाही. भावानं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून मला दिलं. "बरोबर हाय. यालेही वाणच पाह्यजे."

त्यानंतर तो पुन्हा लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवू लागला. आपली कधी वाजवली नाहीत.

शोकसभा गावच्या सभागृहात झाली. जिवंतपणी तिथे आपल्या कार्यक्रमासाठी त्यानं तीनदा विचारलं होतं. मरताच तारीख मिळाली. मागच्या फलकावर भेगाळलेली जमीन होती, वर लिहिलं होतं, "कापूस उत्पादकांच्या वेदनेचा स्वर". कॅसेटवरचाच फोटो घेतला होता, फक्त एसटी पुसून आणि गॉगल काढून तिथे डोळे बसवले होते. डोळे कोणाचे होते, मला अजून माहीत नाही. आई त्या डोळ्यांकडे पाहून रडली नाही.

समीक्षकही आले होते. त्यांनी सांगितलं की बळीराजाचं दुःख या आवाजानं आधीच ओळखलं होतं. मग एक गाणं लावलं. आठांतलं सर्वांत संथ ते भारनियमनाचं, म्हणून तेच. पहिलं कडवं अंधाराचं आहे. ते संपताच संयोजकांनी टेप बंद केला आणि दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं.

मागच्या रांगेतून आवाज आला, "दुसरं कडवं राह्यलं ना जी."

"काका, शोकसभा हाय हे."

"मंग? पोराचं गाणं अर्धं कायले तोडता? गंमत त पुढंच हाय. तो अंधारात दुसऱ्याच्याच ताटात जेवते."

लोक हसले. संयोजकांनी घाईनं हात जोडले आणि सगळे उभे राहिले.

बाहेर मी त्या माणसाला गाठलं. अंगावरच्या सदऱ्याला पीठ होतं. घाटंजीकडच्या एका गावात त्याची आटाचक्की होती, आणि कॅसेट त्यानं त्या बाजारातच घेतली होती.

"लाइन गेली का चक्की बंद. मंग सेलवर हे लावतो," तो म्हणाला. "दळनवाल्या बायाही बसतात आयकत."

"वाण नाही विचारलं कोणी?"

"म्याच पयले दोन दिवस वाट पाह्यली, ताई. मंग म्हटलं, नसन. गाणं बाकी चांगलं हाय."

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

भाऊ नाही. फलक सभागृहाच्या मागे पाण्याची टाकी झाकायला वापरतात. एक कॅसेट माझ्याकडे आहे आणि एक चक्कीवर. लाइन गेली की तिथे दोन्ही कडवी वाजतात.