दुसऱ्यांच्या बारातीत चालणारी माझी आत्तेबहीण

झाशीत दुसऱ्यांच्या बारातीत सर्वांत जास्त चाललेली आणि एकाही नवरदेवाचा चेहरा न आठवणारी व्यक्ती म्हणजे माझी आत्तेबहीण. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघींनाही एकेक मोठा निबंध लिहायचा होता. मी शहरातल्या जुन्या विहिरी घेतल्या, हिनं लग्नातला बँड घेतला. तेव्हापासून घरात माझ्या विहिरींना कुणी विचारेना. विहिरी बोलत नाहीत. हाक मारली तर आपलीच हाक परत देतात. तिचे बँडवाले मात्र वाजवताना तेवढे गप्प बसत.

निबंधापायी ती पार बिघडली. माणसांना वाद्यांवरून ओळखू लागली. माझे बाबा म्हणजे युफोनियम, ते पोटाशी धरायचं जाडजूड पितळी वाद्य, तिची आई ट्रंपेट. "आणि मी गं?" मी एकदा विचारलं. तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तू झांज. दूर से छान वाटतेस." जेवताना बँडवाल्यांसारखे गाल फुगवून ती श्वास धरायचा सराव करी. एकदा तोंडात आमटीचा घोट आहे हे विसरली, आणि समोर मी बसले होते. मानिक चौकाजवळच्या गल्लीत बँडचं दुकान होतं, तिथे ती दुपारी तालमीला जाऊन बसे. क्लॅरिनेट वाजवणारे म्हातारे उस्ताद तिला 'बिटिया' म्हणत आणि तिच्या चहात मुद्दाम आलं घालायला सांगत. मी सोबत गेले तेव्हा तिला आल्याचा आणि मला साधा, असे दोन चहा आले.

आमच्या सरांना मात्र तिचा विषयच पसंत नव्हता. "ये शोर है, शोध नहीं. विषय बदलो," ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला जरा गार वाटलं. ही जागची हलली नाही. म्हणाली, "सर, आपकी बारात में कौन-सा बाजा था?"

सरांनी चष्मा काढला. त्यांची बारात गुरसरायहून गरौठ्याला निघाली होती, वाटेत बँडवाल्यांचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, तेव्हा एकटा ट्रंपेटवाला शेताशेतांतून वाजवत पुढे गेला, मुलीकडच्यांना कळावं म्हणून की हे लोक येताहेत. तास संपला, घंटा झाली, सर बोलतच होते. शेवटी म्हणाले, "यह भी लिख लेना." माझ्या विहिरींवर त्यांनी नुसतं 'ठीक' लिहिलं.

ती पहिली आली आणि पुढं शिकायला पुण्याला गेली. आता तरी घरात माझ्याकडे कुणी पाहील असं वाटलं होतं. या हिवाळ्यात माझ्या भावाचं लग्न झालं. परीक्षा असल्यामुळे ती येऊ शकली नाही. दुपारी बँड दाराशी आला. उस्तादांनी क्लॅरिनेट ओठाला लावायच्या आधी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. नवरदेवाची सख्खी बहीण, नवी साडी नेसून, मी त्यांच्या अगदी समोर उभी होते. त्यांनी मलाच विचारलं, "बिटिया नहीं आई?"

"नहीं, उस्तादजी."

त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतली. मग मीच तिला व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये ती दिसताच उस्तादांनी सूर धरला, मागून सगळा बँड वाजू लागला आणि वऱ्हाडी नवरदेवाला सोडून फोनभोवती गोळा झाले. तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "जरा वर धर ना गं, मागचे दिसत नाहीत."

मी हात उंच केला. दंड भरून आला, तरी गल्लीच्या टोकापर्यंत मी फोन तसाच धरून चालत राहिले.