माझ्या वजनाचा गूळ

दौंड स्टेशनात मी स्वतःच्या पायानं गाडीतून उतरलो आणि तेवढ्यावरूनच थोरल्या भावाशी माझं भांडण झालं. मला उचलून न्यायला त्यानं दोन गडी आणले होते. मी म्हणालो, "पोतं हाय का मी?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पोत्यात काय तरी भरल्यालं असतंय." पुढं बैलगाडीत गादीवर बसलो तरी मी त्याच्याशी बोललो नाही.

माघात मुंबईला गेलेला मी, दिवाळी मागं पडल्यावर परतत होतो. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्या तापानं काळजाची एक झडप आखडली होती. डॉक्टरांनी छाती उघडून ती मोकळी केली. ते काम झकास झालं, पण मागनं जखम चिघळली, छातीत पू झाला. बरगडीतनं काढलेली रबरी नळी आणि खाटेखालची बाटली, यांच्या संगतीत मी उन्हाळा काढला, पावसाळाही काढला. मी तसा तापट. तिथल्या नर्सबाई मला वॉर्डातला फौजदार म्हणायच्या. पण एका बातमीनं मी मऊ पडलो. बायको माहेरी, इनामगावला बाळंत झाली होती. मुलगी. आमची पहिली. नळी निघाल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं, घरी जायचं आणि पोरीला घ्यायचं.

गाडी पाटसच्या अलीकडं कालव्याला लागली तशी काहिलीत शिजणाऱ्या उसाच्या रसाचा वास आला. गुऱ्हाळं नुकतीच पेटली होती. मला इतकं बरं वाटलं की मी भावाशी बोलायला लागलो.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मागं बायको उभी, कडेवर ती. गोल तोंड, कपाळाला काजळाचा हा एवढा ठिपका. मी हात पुढं केले, तर आई मध्ये आली. "तिला घ्याची न्हाई."

"का?"

"नवस फिटायचाय. तवर तू पिराचा हायस."

हा नवस मला ठाऊक होता. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गुऱ्हाळावर गड्यांनी थट्टेनं मला तागडीत बसवलं होतं. गुळाच्या चार ढेपा आणि वर एक लहान भेली, एवढा भरलो. आई तिथंच गावच्या पिराकडं तोंड करून पदर पसरून बोलली होती, पोरगं जित्तं आलं तर त्याच्या वजनाचा गूळ उरुसात वाटीन. त्याच चार ढेपा आणि तीच भेली तिनं माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. सबंध पावसाळा मुंग्यांशी भांडली.

"मग वाट की उद्याच," मी म्हणालो.

"उरुसात म्हणाले मी. आन् पारडी समोरासमोर आली पायजेत. तुझी दशा बघ. एका ढेपंला उठशील तू."

त्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आईनं पोरगी बादलीच्या हिशेबात धरली. मांडीवर घेतो म्हटलं, तर म्हणे, "लाथा झाडती ती. छातीच्या शिवणीवर एखादी बसली म्हंजी?" इकडं आड तिकडं विहीर. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पीर, आणि दोघांच्या वतीनं बोलणारी आमची आई.

मग मला चारायला सुरुवात झाली. खारकेचं दूध, तूप घातलेला भात, कोंबडीचा रस्सा. एकदा रागानं मी खिरीची वाटी भिंतीवर मारली. आईनं भिंत पुसली, दुसरी वाटी भरून आणली आणि समोर बसून राहिली. खाल्ली. काय करता?

पोरगी समोरच्या गोधडीवर पालथी पडायला शिकली, मग पुढं सरकायला शिकली. माझ्याकडंच सरकायची. हातभर अंतरावर आली की कुणीतरी उचलून मागं ठेवायचं. मी बायकोला म्हणायचो, आई रानात गेलीय, दे एकदा. ती हसायची. "एवढी कळ काढली, आता उरुसापतोर जीव जातोय का?"

"तोच तर जाता जाता राह्यलाय."

यावर ती हसली नाही. पोरीला घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे पुसलेले होते. पण सासूचा शब्द तिनं मोडला नाही. मला तेव्हा दोघींचाही राग आला.

संक्रांतीनंतर उरूस आला. दर्ग्यापुढच्या लिंबाला तागडी टांगली. एका पारड्यात चार ढेपा, वर भेली. दुसऱ्यात मी मांडी घालून बसलो. माझं पारडं वरच राहिलं. एवढं तूप कुठं गेलं कोण जाणे. पुढचा उरूस वर्षानं. तोवर पोरगी चालायला लागली असती. मला रडू येऊ लागलं आणि मी ते लपवलंही नाही.

भाऊ म्हणाला, "भेली काढा. कुणाला कळतंय?"

आई म्हणाली, "मला कळतंय."

दर्ग्याचे मुजावर चाचा माझ्या वडलांचे दोस्त. ते म्हणाले, "वहिनी, पीर काय वाणी हाय का, गूळ तोलून घ्याला? पोरगं आलं, भरून पावलं."

"पीर न्हाई, पण मी कबूल केलंय. जेवढा नेला तेवढा परत आला पायजे." असं म्हणून तिनं भेलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बायकोपाशी गेली, तिच्या कडेवरून पोरीला घेतलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"ह्यो गेला तवा ही पोटात व्हती," ती चाचांना म्हणाली. "ह्येच्यातलं जे कमी झालंय ते हितं वाढलंय. चालंल का?"

"चालंल, वहिनी," चाचा म्हणाले.

पारडं खाली आलं. पोरीनं माझ्या सदऱ्याचं बटण धरलं आणि एक लाथ अगदी शिवणीवर मारली. काही झालं नाही. तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास येत होता. अंगानं चांगली जड होती.

लोकांनी गुळाला हात लावायच्या आधी चाचा म्हणाले, "फिटला नवस. उतरा आता."

"थांबा की," मी म्हणालो, "काटा अजून हलतोय."

काटा कधीच थांबला होता. आई तागडीजवळच उभी होती, तिला दिसत होतं. तिनं चाचांना हातानंच थांबायला खुणावलं.