हायड्रोची बारा पिंपं

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका डाईंगच्या कारखान्यात गुरुलिंगनं बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. शिक्षण दहावी, पण नाक पदवीधर, असं डाईंग मास्तर नईम म्हणायचा. ॲसिड कुठलं, ब्लीच कुठलं, हे तो चिठ्ठी न वाचता सांगायचा.

प्रत्येक रसायनासोबत माहितीचे कागद येत. सांडलं तर काय करायचं, पेटलं तर काय. ते स्टोअरच्या दाराशी टांगावेत, असं गुरुलिंगनं मालकांना, सोमशेखरअण्णांना, कितीदा तरी सांगून पाहिलं. अण्णांचं म्हणणं, रंगाच्या हातांनी कागद मळले तर तपासणीला साहेबाला दाखवायचं काय? त्यामुळं फाईल ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, कुलपात राहिली. तिच्या टापटिपीचं साहेब दरवर्षी कौतुक करत.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कारखाना धुवायची रीत होती. यंदा गुरुलिंग नेमका बहिणीकडं मंद्रूपला गेलेला. कामगारांनी भक्तिभावानं स्टोअरसुद्धा पाइप लावून धुतलं. नवमीला सकाळी पूजा झाली, पिंपांनाही हळदकुंकू लागलं, आणि अण्णा प्रसाद वाटून अक्कलकोटला गेले.

दुपारी गुरुलिंग परतला आणि स्टोअरच्या दारातच थबकला. जळल्या आगकाडीचा वास. फरशी अजून ओली. कोपऱ्यात हायड्रोची बारा पिंपं होती. रंग कापडात उतरवायला लागणारी ती पांढरी पूड. एका पिंपाचं झाकण तिरकं होतं. त्यानं पत्र्याला तळहात लावला आणि झटकन मागं घेतला.

नईम पिण्याच्या माठातून बादली भरून आलाच होता. गुरुलिंगनं त्याचं मनगट धरलं.

"मास्तर, पाणी नको. त्यानंच पेटतंय ते."

"मग वाळू टाकू?"

ओलीनं हायड्रो तापतं, एवढं गुरुलिंगला ठाऊक होतं. पेटलेलं हायड्रो विझतं कशानं, हे ठाऊक नव्हतं.

त्यानं सगळ्यांना फाटकाबाहेर पिटाळलं, नईमला अग्निशामक दलाला फोन करायला सांगितलं आणि ऑफिसकडं धावला. किल्ली अण्णांच्या कमरेला. पूजेचा नारळ उचलून त्यानं काच फोडली आणि फाईल छातीशी धरून बाहेर आला. इंग्रजी ओळींवर बोट फिरवत त्यानं आणि नईमनं मिळून अर्थ लावला. थोडं पाणी घातक. वाळूचा उपयोग नाही. या पुडीला जळायला हवा लागत नाही. लांबून, एकसारखा, पाण्याचा लोंढाच हवा.

"आपली टाकी?" नईमनं विचारलं.

"काल धुण्यात संपली. नळाला पाणी परवा."

स्टोअरच्या दारातून पिवळट धूर जमिनीलगत सरकत होता. बंब सात रस्ता चौकाजवळ मिरवणुकीत अडकलाय, असा निरोप आला. बाकीची अकरा पिंपं अजून थंड असतील, असं गुरुलिंग नईमला सांगत होता, तेवढ्यात आत आणखी एक झाकण उडालं.